आधी उपकेंद्रातली बीपीची गोळी की कोल्हापुरातली कॅथलॅब?

रंकाळाकाठ
सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, सकाळी केसपेपरच्या रांगेत उभं राहून बघा. कितीतरी जण नुसत्या बीपी-शुगरच्या गोळ्या न्यायला आलेले असतात. जिल्ह्याच्या टोकाच्या चंदगडचा माणूस त्यासाठी एसटीत बसला की दिवस मोडला, मजुरी बुडाली. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातच लिहिलंय, दोन तृतीयांश किंवा जास्त पैसा प्राथमिक आरोग्यावर घाला. पण नारळ फुटतो तो हृदयाच्या बंद नळ्या उघडायच्या कॅथलॅबच्या मशीनसमोर. गोळ्यांच्या खोक्यासमोर कोण फोडणार?

घाटमाथा
भावा, छातीत कळ आल्यावर ते खोकं काय कामाचं? गगनबावड्यातनं कोल्हापूर गाठेस्तोवर हृदयाचा स्नायू मरत असतो. बंद नळी लवकर उघडावी लागते, त्याला कॅथलॅब आणि ती चालवणारा डॉक्टर लागतो. सरकारीत नसला तर महात्मा फुले या मोफत उपचाराच्या सरकारी योजनेचा पैसा खाजगीच्या बिलातच जाणार.

रंकाळाकाठ
येऊ दे की कॅथलॅब. पण त्या माणसाचं बीपी आधी कधी मोजलं होतं? डायलिसिसच्या खुर्च्यांवर बघ, त्यातल्या बऱ्याच जणांची किडनी शुगर-बीपीनंच गेलेली असते. आता आठवड्यातनं दोन-तीन फेऱ्या, जन्मभर.

उपकेंद्रातली ताई
मी रोज हेच काम करते म्हणून लिहिते. तिशीपुढच्या सगळ्यांचं बीपी, शुगर तपासायचं, तोंडाच्या कॅन्सरसाठी बघायचं, हे आमच्याकडं आहेच. आशाताई घरोघरी फॉर्म भरतात. अडतं पुढं. गोळ्या महिन्याच्या लागतात, हातात पडतात दहा दिवसांच्या. परत या म्हटलं की माणूस उसात असतो, येत नाही. वरच्या दवाखान्यात चिठ्ठी देऊन पाठवलं तर तिथं काय निदान झालं, कुठली गोळी बदलली, काहीच उलट कळवत नाहीत. पेशंट प्लास्टिकच्या पिशवीतनं रिकामी पाकिटं आणतो, त्यावरनं आम्ही ताडायचं! ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन डॉक्टर-सल्ल्यावर, तज्ज्ञ भेटतो, रेंज असली तर.

रंकाळाकाठ
ताई, मग तज्ज्ञानं उलट चिठ्ठी लिहिल्याशिवाय पेशंट सोडायचाच नाही, असा नियम करायला काय खर्च येतो?

घाटमाथा
चिठ्ठी लिहायला तरी तज्ज्ञ पाहिजे ना! सिझेरियनला भूलतज्ज्ञ नाही म्हणून बाळंतिणीला रातोरात ग्रामीण रुग्णालयातनं कोल्हापूरला हलवतात, तिथं कुठली गोळी देणार? ताईंचं पटलं, गोळ्या तीन-तीन महिन्यांच्या द्या. पण जागा भरायची वेळ आली तर पहिली भूलतज्ज्ञाची, आणि ती तालुक्याला. यावर मी हटणार नाही.