मदत हवी आहे : स्पेनच्या आवाँ-गार्द (नवे प्रयोग करणाऱ्या) कवयित्री

नमस्कार मंडळी, १९२०-३०च्या काळातल्या स्पॅनिश कवयित्रींवर आमच्या वाचनगटात बोलायचं आहे. त्याच काळातला कवी लोर्का याच्याबद्दल भरपूर मिळतं, या बायकांबद्दल फार थोडं. कवी हेरार्दो दिएगो यांच्या १९३२च्या गाजलेल्या स्पॅनिश कवितांच्या संकलनात एकही स्त्री नव्हती. १९३४च्या आवृत्तीत एर्नेस्तिना दे शांपुर्सिन आणि होसेफिना दे ला तोरे आल्या, पण कोंचा मेंदेस बाहेरच! नवऱ्याबरोबर छापखाना चालवून याच पिढीच्या कविता छापणारी बाई ती. फार लागतं हे मनाला.

सगळ्यात जास्त हव्यात त्या लुसिया सांचेस साओर्निलच्या कविता. ही टेलिफोन ऑपरेटर, ‘लुसियानो दे सान-साओर’ या पुरुषी नावाने लिहायची. कुणाकडे मराठी, हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद आहेत का? स्पॅनिश येणाऱ्या कुणी दोन-तीन कविता समजावून दिल्या तरी खूप मदत होईल.