स्लोकम यांची ‘स्प्रे’ सुकाणूवर हात नसताना दिशा कशी राखत असे?

प्रश्न

जोशुआ स्लोकम यांनी १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, हे मला ठाऊक होते. परंतु ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील थर्सडे बेटापासून हिंदी महासागरातील कीलिंग बेटांपर्यंतच्या सुमारे २,७०० मैलांच्या, २३ दिवसांच्या टप्प्यात ते सुकाणूपाशी एकंदर तीन तासांहून अधिक नव्हते, हे वाचल्यापासून मी त्याचाच विचार करतो आहे. याचे श्रेय खलाशाला द्यावे की नौका बांधणाऱ्या सुताराला?

पहिला प्रतिसाद

स्लोकम यांच्या बाबतीत खलाशी आणि सुतार वेगळे काढता येत नाहीत. १८८७ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्यांचे जहाज फुटले, तेव्हा त्यांनी ३५ फुटी ‘लिबरदाद’ बांधून पत्नी व मुलांना तिच्यातून अमेरिकेत परत आणले. ‘स्प्रे’ ही मॅसॅच्युसेट्समधील फेअरहेवन येथे शेतात टेकू देऊन ठेवलेली जुनी नौका होती. जवळचाच ओक तोडून त्यांनी तिला नवा कणा (तळाची मुख्य लांब तुळई) घातला, बरगड्या वाफेवर मऊ करून वाकवल्या, दीड इंच जाडीच्या पाइनच्या फळ्या बसवल्या आणि सांध्यांत आधी कापूस व त्यावर डांबरलेला वाख ठासला. या कामाला तेरा महिने आणि ५५३ डॉलर ६२ सेंट लागले.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या लांब कण्यात आहे. लांब कण्याची नौका वळायला वेळ घेते. त्यात पुढच्या व मागच्या शिडांवरचा वाऱ्याचा जोर तोलून सुकाणू योग्य कोनात बांधून ठेवले, की नाक थोडे भरकटले तरी ती पुन्हा मार्गावर येते. ‘स्प्रे’ला मागची लहान डोलकाठी स्लोकम यांनी वाटेत बसवली. नौकेचा असा तोल नेमका ओळखणे हे, माझ्या मते, तिचा प्रत्येक सांधा स्वतः ठोकलेल्या माणसालाच इतके सहज साधते.

दुसरा प्रतिसाद

शेवटचे वाक्य मला पूर्णपणे पटत नाही. ब्रिटिश खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ३२ फुटी ‘सुहेली’ मुंबईच्या कारागिरांनी सागवानात बांधली होती. १९६८-६९ च्या ३१२ दिवसांच्या एकट्याच्या, कोठेही न थांबता केलेल्या प्रदक्षिणेत तिचे स्वयंचलित सुकाणू अर्ध्या वाटेवर निकामी झाले, तरी केवळ शिडांच्या तोलावर ती पुढे चालत राहिली. आपल्या मुंबईच्या सुतारांचे नाव या संदर्भात फारसे घेतले जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘स्प्रे’ची दुसरी बाजूही सांगायला हवी. चौदा फुटांहून रुंद आणि उथळ अशी नौका सहसा कलत नाही, मात्र पुरती उलटल्यास आपणहून सरळ होणे तिला अवघड जाते. साठी उलटल्यावर स्लोकम याच नौकेतून पुन्हा एकटे निघाले आणि परतले नाहीत. काय घडले, ते कोणालाच कळले नाही. म्हणून दोष नौकेला देणे मला योग्य वाटत नाही.