लग्नासाठी खात्रीचा छायाचित्रकार कसा निवडावा? (कोल्हापूर, ६०,००० रुपयांपर्यंत)

शिवाजीपेठकर: धाकट्या बहिणीचे लग्न डिसेंबरमध्ये उजळाईवाडीजवळच्या कार्यालयात गोरज मुहूर्तावर आहे. हळद आणि लग्न मिळून ६०,००० रुपयांच्या वर आम्ही जाऊ शकत नाही. खात्रीचा माणूस कसा ओळखावा, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

रंकाळाकाठ: तेवढ्यात चांगले काम होत नाही. चिरंजीवांच्या लग्नात आम्ही दीड लाख मोजले, पन्हाळ्यावर प्री-वेडिंगही केले. व्याही अजून अल्बमचे कौतुक करतात.

अर्धाअल्बम: अल्बमच्या जाडीला भुलू नका. माझ्या लग्नात ज्यांना विसार दिला ते स्वतः आलेच नाहीत. त्यांनी पाठवलेल्या मुलाच्या कॅमेऱ्यातले कार्ड बिघडले आणि अंतरपाट दूर झाल्यापासून सप्तपदीपर्यंतचा एकही फोटो उरला नाही. शेवटी पाहुण्यांच्या मोबाइलमधले फोटो गोळा करत बसलो. त्या दिवशी प्रत्यक्ष कोण येणार, कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवतो का आणि त्याच रात्री सगळ्याची प्रत काढतात का, हे लिहून घ्या.

उचगावकर: ड्रोन मात्र घ्याच. वरातीला शोभा येते.

नियमाने: उजळाईवाडीला विमानतळ आहे. त्या परिसरात ड्रोन उडवण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर कार्यालय कोणत्या रंगाच्या क्षेत्रात येते ते पाहावे लागते. लाल किंवा पिवळ्या क्षेत्रात परवानगीविना उडवता येत नाही.

उचगावकर: आमच्या शेजाऱ्यांनी उडवला, कोणी काही बोलले नाही.

नियमाने: कोणी बोलले नाही म्हणजे परवानगी होती, असे नव्हे.

मंगळवारपेठ: बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतः कॅमेरा घडवला, तिथे ही विचारणा करावी लागावी, याचे वाईट वाटते. असो. निवडक तीस फोटो कोणाचेही चांगलेच असतात. एखाद्या गोरज लग्नाचे पहिल्यापासून शेवटपर्यंतचे सगळे फोटो मागा. मावळता उजेड आणि स्टेजवरचे रंगीत दिवे एकत्र आले की नवरीचा चेहरा जांभळा दिसतो, आणि तिथेच हात कळतो.

रंकाळाकाठ: मीही तेच म्हणतो. दीड लाखात हे सगळे आपोआप येते.

शिवाजीपेठकर: सर्वांचे आभार. आईने माझ्या बारशाचे फोटो काढणाऱ्या गल्लीतल्या काकांनाच काल विसार दिला. त्यांच्या कॅमेऱ्यात एकच कार्ड बसते, म्हणून त्यांचा पुतण्या दुसरा कॅमेरा घेऊन येणार आहे. ड्रोन नाही.