तोच तारा, पुन्हा पुन्हा : सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

ए-३०२ : सर्वांना विनंती. आज रात्री १२.३० ते ३.३० अंतराळातून घातक गॅमा किरण पृथ्वीजवळून जाणार आहेत. मोबाईल बंद करून अंगापासून लांब ठेवा. आपल्या माणसांना कळवा 🙏🙏

बी-१०४ : काकू, हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. वेळसुद्धा तीच असते.

ए-३०२ : मला माहेरच्या ग्रुपवर आला गं. आणि मध्ये कुठेतरी वाचलं होतं की एका ताऱ्यातून परत परत गॅमा किरणांचे स्फोट होतात. म्हटलं, असेल काही तथ्य. सी विंगच्या मॅडम सांगतील का?

सी-५०४ मॅडम : सांगते की. मेसेज खोटा आहे, मोबाईल चालू ठेवा. असा स्फोट कधी होणार हे आधी कुणालाच कळत नाही. आणि गॅमा किरण वातावरणाच्या वरच्या थरांतच अडतात, जमिनीपर्यंत येत नाहीत. म्हणूनच ते पकडायला उपग्रहांवर यंत्रं पाठवावी लागतात.

पण काकूंनी वाचलेलं मात्र खरं आहे. अशा ताऱ्याला मॅग्नेटार म्हणतात. आपल्या आकाशगंगेत आणि शेजारच्या मॅजेलन मेघ नावाच्या दोन छोट्या दीर्घिकांत (दीर्घिका म्हणजे आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह) मिळून असे तीसेक सापडले आहेत. मोठा तारा फुटल्यावर त्याचा गाभा दाबला जाऊन वीसेक किलोमीटर व्यासाचा गोळा उरतो, तो न्यूट्रॉन तारा. त्यातल्या काहींचं चुंबकत्व अचाट असतं, ते मॅग्नेटार.

डी-२०१ डॉक्टर : अचाट म्हणजे किती? आमच्याकडचं एमआरआय मशीन दीड टेस्लाचं असतं. त्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर नेला तरी तो उडून मशीनवर आदळतो.

सी-५०४ मॅडम : दीड टेस्ला म्हणजे १५ हजार गॉस, डॉक्टर. मॅग्नेटारचं क्षेत्र १०० लाख कोटी गॉस किंवा त्याहून जास्त. हे चुंबकत्व हळूहळू विरत जातं आणि विरताना ताऱ्याच्या कवचाला पिळत राहतं. ताण असह्य झाला की कवच तडकतं, चुंबकीय रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात, आणि क्ष-किरण व गॅमा किरणांचा लोट बाहेर पडतो. बहुतेक लोट सेकंदाच्या दहाव्या भागाएवढेच.

बी-७०३ : मॅडम, गॅमा-रे बर्स्ट तर रोजच्या रोज दिसतात ना? मग यात वेगळं काय?

सी-५०४ मॅडम : फार चांगला प्रश्न. दिवसाला साधारण एक दिसतो, बरोबर. पण ते अतिदूरच्या दीर्घिकांमधले. एखादा महाकाय तारा कोसळतो किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळतात, आणि ते घडवणारी वस्तूच संपते. त्या जागेवरून पुन्हा काही येत नाही. त्यामुळे एकाच जागेवरून दुसऱ्यांदा स्फोट आला, तर त्याचा अर्थ एवढाच की फुटणारा अजून शाबूत आहे. मला या सगळ्या विषयातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. पहिला स्फोट कितीही झगझगीत असला तरी त्याने कोडंच पडलं होतं. ते सुटायला लागलं मागाहून आलेल्या बारक्या स्फोटांमुळे.

५ मार्च १९७९ चं उदाहरण घ्या. सोव्हिएत रशियाची व्हेनेरा ११ आणि १२ ही यानं शुक्राजवळून पुढे गेली होती. त्यांच्यावरच्या गॅमा मापकांत सेकंदाला शंभराच्या आसपास नोंदी व्हायच्या, त्या एका क्षणात दोन लाखांवर गेल्या. पाठोपाठ हेलिओस २, शुक्राभोवती फिरणारं पायोनियर व्हीनस, मग पृथ्वीभोवतीचे उपग्रह, असं एकेक यंत्र त्या लाटेत सापडत गेलं. पहिल्या झटक्यानंतर जवळपास तीन मिनिटं ८ सेकंदांच्या तालावर कमीजास्त होणारा प्रकाश येत राहिला. एवढा नेमका ताल फिरणाऱ्या वस्तूचाच असणार. दुसऱ्याच दिवशी त्याच जागेवरून एक क्षीण स्फोट, एप्रिलमध्ये पुन्हा, आणि १९८३ पर्यंत आणखी कितीतरी. लेनिनग्राडच्या योफे संस्थेतल्या येवगेनी माझेत्स यांच्या चमूने या नोंदी चिकाटीने जमवल्या.

बी-७०३ : ‘त्याच जागेवरून’ हे कसं कळलं? गॅमा किरणांना भिंग चालत नाही ना?

सी-५०४ मॅडम : नाही चालत, ते भिंगातून आरपार जातात. म्हणून घड्याळं जुळवायची. तुम्ही आयटीतले, तुम्हाला हे लगेच पटेल. लाट प्रकाशाच्या वेगाने येते. ती या यानापाशी अमुक वेळेला पोचली आणि त्या यानापाशी इतक्या सेकंदांनी उशिरा, यातला फरक मोजला की उगमाची दिशा आकाशातल्या एका वर्तुळावर कुठेतरी आहे एवढं कळतं. तिसरं यान मिळालं की दुसरं वर्तुळ काढता येतं, आणि दोन्ही जिथे छेदतात तिथे उगम. यानं जितकी लांब लांब, तितकी जागा नेमकी. १९७९ मध्ये यानं शुक्रापर्यंत पसरलेली होती, म्हणून उगम थेट मोठ्या मॅजेलन मेघातल्या एन४९ नावाच्या सुपरनोव्हाच्या, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याच्या, अवशेषापाशी सापडला. निरनिराळ्या देशांची, निरनिराळ्या कामांसाठी सोडलेली यानं होती ती. शीतयुद्ध चालू असतानाही त्यांच्या घड्याळांच्या नोंदी एकत्र केल्या गेल्या, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

सी-२०२ : मॅडम, आमचा मुलगा शेजारी बसून विचारतोय. स्फोट कधी होणार हे माहीत नसतं, तर दुर्बीण बरोबर तिकडेच कशी वळलेली असते?

सी-५०४ मॅडम : त्याला शाबासकी द्या. वळलेली नसतेच. फर्मी उपग्रहावर १४ मापक चारी दिशांना तोंड करून बसवले आहेत. पृथ्वीआड गेलेला भाग सोडला तर सगळं आकाश त्यांच्या पहाऱ्यात असतं. स्विफ्ट उपग्रह एका वेळी आकाशाचा बराच मोठा तुकडा बघतो आणि काही चमकलं की स्वतःच वळून मिनिट-दीड मिनिटात क्ष-किरण दुर्बीण तिकडे रोखतो. म्हणजे आधी सदा जागे असणारे पहारेकरी, त्यांच्यामागून बारकाईने बघणारे.

हे कसं चालतं ते एसजीआर १९३५+२१५४ या मॅग्नेटारच्या बाबतीत छान दिसलं. त्याचा पहिला स्फोट स्विफ्टने ५ जुलै २०१४ ला टिपला. तो सव्वातीन सेकंदांत स्वतःभोवती एक फेरी मारतो. २७ एप्रिल २०२० ला स्विफ्ट आणि फर्मी या दोघांनाही त्याच्याकडून एकामागून एक स्फोट दिसायला लागले. काही तासांत अंतराळ स्थानकावरची नायसर दुर्बीण तिकडे वळवली. पहिल्या १,१२० सेकंदांतच तिने २१७ हून जास्त स्फोट मोजले. आणि २८ एप्रिलला आपल्याकडे रात्रीचे आठ वाजले असताना त्याच ताऱ्याकडून एक मिलिसेकंदांचा रेडिओ झटका आला. कॅनडातल्या चाइम आणि अमेरिकेतल्या स्टेअर२ या रेडिओ यंत्रणांनी तो पकडला. त्याच क्षणाचा क्ष-किरणांचा स्फोट चीनच्या आणि युरोपच्या उपग्रहांनीही नोंदवला. असे रेडिओ झटके दूरच्या दीर्घिकांमधून येतात हे २००७ पासून माहीत होतं, पण ते कोण पाठवतं ते कळत नव्हतं. त्यांतले निदान काही झटके मॅग्नेटार पाठवतात, हे त्या संध्याकाळी पहिल्यांदा स्पष्ट झालं. आपण सगळे लॉकडाऊनमध्ये घरात बसलो होतो आणि ही यंत्रं आपापलं काम करत होती.

ए-१०१ नाना : मला २००४ सालचं विचारायचं आहे. सुनामी आली त्याच सुमारास असा मोठा स्फोट झाला होता असं वाचल्याचं आठवतं. त्याचा भूकंपाशी संबंध लावणारेही भेटले होते.

सी-५०४ मॅडम : नाना, तारखा जवळच्या आहेत हे खरं. सुमात्राचा भूकंप २६ डिसेंबरला आपल्या सकाळी साडेसहाच्या सुमारास झाला. एसजीआर १८०६-२० या मॅग्नेटारचा महास्फोट आपल्याला पोचला २८ डिसेंबरच्या पहाटे तीनला, म्हणजे जवळजवळ ४५ तासांनी. भूकंप आधी झालेला. शिवाय वातावरणातच अडणाऱ्या किरणांनी समुद्रतळाखालचा खडक हलत नाही. हा संबंध मनातून काढून टाका. त्या लाटांत माणसं गमावलेल्यांच्या दुःखाला असली कारणं चिकटवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

तो स्फोट मात्र आजवर टिपलेल्यांत आपल्या आकाशगंगेतला सर्वांत मोठा. सूर्याला जेवढी ऊर्जा द्यायला लाखभर वर्षं लागतील, त्याहून जास्त सेकंदाच्या पाचव्या भागात. बहुतेक उपग्रहांचे मापक त्या झोतात तुंबले, नेमका आकडा मोजताच येईना. तारा हजारो प्रकाशवर्षं लांब असूनही पृथ्वीच्या आयनांबराचा, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित थराचा, खालचा भाग विस्कटला आणि कमी वारंवारितेच्या रेडिओ लहरींत तो फरक नोंदला गेला. माणसांना अपाय काहीच झाला नाही.

ए-१०१ नाना : पहाटे तीनला म्हणजे आपण त्या माऱ्यात होतो?

सी-५०४ मॅडम : नव्हतो. हा तारा धनु राशीत आहे, आणि डिसेंबरअखेर सूर्यही तिथेच असतो. त्या क्षणी दोघांमध्ये जेमतेम पाच अंशांचं अंतर होतं. म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असताना सूर्यासारखाच तोही पायाखाली होता, आणि मध्ये अख्खी पृथ्वी. झोत पडला पॅसिफिक महासागराच्या बाजूला.

पण मार्गशीर्ष पौर्णिमा २६ लाच होऊन गेली होती, त्यामुळे चंद्र आपल्या आकाशात वर होता. ते गॅमा किरण चंद्रावर आपटून परतले. कोरोनास-एफ हा रशियन उपग्रह तेव्हा पृथ्वीच्या आडोशाला होता, थेट झोत त्याला दिसलाच नाही. त्याने टिपला तो चंद्रावरून आलेला परावर्तित प्रकाश. इतर यंत्रं तुंबली होती, पण या दुर्बळ प्रतिबिंबावरून मूळ स्फोट केवढा होता याचा अंदाज बांधता आला.

बी-१०४ : बापरे, हे माहीतच नव्हतं! यात आपल्याकडचं कुणी आहे का मॅडम?

सी-५०४ मॅडम : भरपूर. २००४ च्या त्या स्फोटानंतर तिथे रेडिओ लहरी दिसू लागल्या, त्यांच्या निरीक्षणात नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण होती आणि टीआयएफआरचे, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, संशोधक होते. त्याच चमूत कुरुंदवाडला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी. २०२० चा रेडिओ झटका पकडणाऱ्या स्टेअर२ च्या चमूतही ते आहेत. २०२४ चा खगोलशास्त्राचा शॉ पुरस्कार त्यांना मिळाला.

आणि आपला ॲस्ट्रोसॅट उपग्रह. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोटाहून गेला. त्यावरच्या सीझेडटीआय या उपकरणाच्या भिंती जास्त ऊर्जेच्या किरणांना पारदर्शक आहेत, त्यामुळे ते समोर एक वस्तू बघत असतानाच बाजूने आलेले स्फोटही टिपतं. त्याची माहिती पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेत तपासली जाते. २०२२ मध्ये त्याने ५०० गॅमा स्फोटांचा टप्पा गाठला. दुसरं उपकरण लॅक्सपीसी, मुंबईच्या टीआयएफआरमध्ये बनलेलं. त्याच्या नोंदींत रामन संशोधन संस्थेच्या संशोधकांना एसजीआर जे१८३०-०६४५ या मॅग्नेटारचे ६७ छोटे स्फोट सापडले. सरासरी ३३ मिलिसेकंद. डोळ्याची पापणीसुद्धा एवढ्यात लवत नाही.

सी-२०२ : पुढचा मोठा स्फोट कधी?

सी-५०४ मॅडम : आकाशगंगेत आणि मॅजेलन मेघात मिळून महास्फोट दिसले ते १९७९, १९९८ आणि २००४ ला. त्यानंतरचे दोन ठळक म्हणजे १५ एप्रिल २०२० चा एनजीसी २५३ दीर्घिकेच्या दिशेने आलेला आणि १५ नोव्हेंबर २०२३ चा एम८२ दीर्घिकेकडून आलेला. दोन्ही वेळा मुख्य झटका सेकंदाच्या छोट्याशा भागात आटोपला. यंत्र तेवढ्यापुरतं बंद असतं किंवा पृथ्वीआड असतं तर काहीच हाती लागलं नसतं. म्हणून आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने मांडलेला ‘दक्ष’चा प्रस्ताव मला फार महत्त्वाचा वाटतो. पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना दोन उपग्रह, म्हणजे आकाशाचा कुठलाच कोपरा सुटायचा नाही. आपल्या मुलांच्या शिक्षणाच्या काळात तो उडावा अशी माझी फार इच्छा आहे.

सी-२०२ : मुलगा म्हणतोय, तो १९३५ वाला आकाशात दाखवता येईल का?

सी-५०४ मॅडम : तारा डोळ्यांनी दिसणार नाही, जागा दाखवता येईल. अभिजित, श्रवण आणि हंसाच्या शेपटीतला डेनेब यांचा मोठा त्रिकोण सध्या संध्याकाळी पश्चिमेला छान दिसतो. हा मॅग्नेटार त्या त्रिकोणाच्या आत आहे. सेक्रेटरीसाहेब, शनिवारी टेरेस उघडता येईल का? साडेसातच्या आत, नंतर तो खाली जायला लागतो.

ए-३०२ : मी पण येणार. माहेरच्या ग्रुपवर आत्ताच लिहिलं की मेसेज खोटा आहे म्हणून.

सेक्रेटरी : शनिवारी ७ वाजता वॉचमनकडून किल्ली घ्या. वरच्या टाकीचं काम चालू आहे, लिफ्टरूमच्या मागे मुलांना सोडू नका. मोठं कुणीतरी सोबत असावं.