अनुभव धागा: दर वाढले तेव्हा ताटातून आधी काय गेलं?

परवा चौकातल्या किराणा दुकानात माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या. पाण्याची जुनी प्लास्टिकची बाटली पुढे करून म्हणाल्या, "वीसचं तेल द्या." दुकानदारानं ओतलं. बाईंनी बाटली उजेडात धरली, बाहेरून नखानं एक रेघ ओढली आणि म्हणाल्या, "मागं इथवर यायचं." नवं तेल त्या रेघेच्या बोटभर खाली होतं.

ती रेघ डोक्यातून जात नाहीये. बातम्यांत महागाई टक्क्यांत सांगतात. माझा पगार बरा आहे. टोमॅटो महागला तेव्हा मी कुरकुरले, पण आणला. ज्यांना आणता आला नाही त्यांनी लिहावं, किंवा ज्यांनी ते अगदी जवळून पाहिलंय त्यांनी. माझा प्रश्न एवढाच आहे: ताटातून आधी काय गेलं, आणि कोणाच्या ताटातून? नाव नको, गाव आणि काम लिहिलं तरी पुरे. काटकसरीच्या टिपा मात्र कृपया देऊ नका. ज्यांना गरज आहे त्यांना त्या आपल्यापेक्षा जास्त येतात.

हडपसर. आई घरकाम करते, मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला

आमच्याकडे आधी गेली ती तूरडाळ. २०१५ मध्ये तूर किलोला दोनशेवर गेली तेव्हा मी चौथीत होते. त्या वर्षी घरात मसूर आली ती राहिलीच. तुरीचे भाव उतरले तरी तूर काही परत आली नाही. एकदा मोडलेली सवय आई पुन्हा लावू देत नाही, कारण पुन्हा मोडताना आम्हालाच त्रास होतो असं ती म्हणते.

कोणाच्या ताटातून गेलं, तेही लिहिते. आम्ही पाच जण. आई आधी बाबांना आणि आजीला वाढते, मग मला आणि भावाला. उरलेल्या पातेल्यात ग्लासभर गरम पाणी ओतते, चिमूटभर मीठ-तिखट टाकते, एक उकळी काढते आणि त्यात पोळी कुस्करून खाते. लहानपणापासून विचारलं की एकच उत्तर, "मला पातळच आवडतं." मी खरं धरलं होतं. मागच्या वर्षी मावशीकडे बारशाला गेलो होतो. तिथं घट्ट वरण होतं, वर तूप. आईनं दोनदा मागून घेतलं. माझा घास तिथंच अडकला.

२०२३ च्या जुलैत टोमॅटो दीडशेला होता, तो महिना आम्ही चिंचेवर काढला. ते जमलं. आमटीला आंबट काहीही चालतं. डाळीच्या जागी काय घालणार?

इचलकरंजी. किराणा दुकान

ताई, तुमच्या त्या बाटलीवर लिहिल्याशिवाय राहवलं नाही. गरिबाला माल महाग पडतो, हे मी तराजूवर रोज बघतो. आमच्याकडे बहुतेक गिऱ्हाईक यंत्रमागावरचं, पगार आठवड्याचा. पंधरा किलोचा तेलाचा डबा नेणाऱ्याला जो दर पडतो, तो पावशेर नेणाऱ्याला पडत नाही. सुट्या मालात घट धरावी लागते, ती शेवटी त्याच्याच खिशातून जाते. तिखटाच्या दहाच्या पुडीवर छापलेला आकडा अजून दहाच आहे, आतलं वजन मात्र कमी होत गेलं. पुडी उघडल्यावरच ते लक्षात येतं.

उन्हाळ्यात मिरची घेऊन डंकावर वर्षाचं तिखट करणाऱ्या घरांना किलोमागे कितीतरी कमी खर्च येतो. पण त्यासाठी एप्रिलमध्ये तीन-चार हजार रोख हातात पाहिजेत. ते ज्याच्याकडे नाहीत तो बारा महिने पुड्या नेतो आणि वर्षाच्या शेवटी जास्त पैसे मोजून बसतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढलं, ऐन दिवाळीच्या तोंडावर. त्या दिवाळीत माझ्याकडून चकलीची भाजणी फारशी गेलीच नाही. चकली तेल पिते. चिवडा थोड्या तेलात भागतो, म्हणून पातळ पोहे तेवढे खपले. एका मागवाल्याच्या बायकोनं विचारलं, "पावशेर तेलात किती चकल्या होतील हो?" मी तिला पावशेर तेल जास्तीचं दिलं आणि उधारीच्या वहीत लिहिलं नाही. प्रत्येकाला असं देता येत नाही, याचं वाईट वाटतं. वही जाड झाली की मला घाऊक व्यापाऱ्यापुढे उभं राहावं लागतं.

निफाड तालुका. शेतमजूर (लिहिणारा मुलगा)

आईवडील कांदा काढायला जातात. उन्हाळ कांद्याच्या काढणीला संध्याकाळी मजुरीबरोबर पिशवीभर गोल्टी मिळायची. गोल्टी म्हणजे बारका कांदा, बाजारात ज्याला कोणी विचारत नाही तो. त्याच्यावर आमचे दोन-दोन महिने निघायचे. भाकरी, कांदा आणि चटणी असली की जेवण झालं.

भाव चढला की गोल्टीलाही व्यापारी भेटतो. मग मालक तीसुद्धा ट्रॉलीत भरतो. त्याच्यावर तरी कसं रागवायचं? डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनं निर्यात बंद केली आणि लिलावात भाव कोसळले, तेव्हा त्याचा चेहरा आम्ही बघितलाय. त्या हंगामाची आमची मजुरी पावसाळ्यापर्यंत थकली. कांदा महागला की गोल्टी जाते, स्वस्त झाला की मजुरी अडकते. शहरातले लोक "कांदा रडवतो" म्हणतात. आमच्या घरी तो दोन्हीकडून रडवतो.

पुणे, पेठेतली अभ्यासिका. मूळचा परभणीचा

थोडक्यात लिहितो. मेसच्या डब्यात चार पोळ्या होत्या, त्या तीन झाल्या, आणि पैसे वाढले ते वेगळेच. आम्ही दोघं मिळून एक डबा घेतो. सकाळी अकराला पोहे खायचे, म्हणजे नाश्ता आणि जेवण एकातच होतं. घरून फोन आला की "जेवलो" म्हणतो. २०२४ मध्ये वडिलांनी सोयाबीन क्विंटलला ४,८९२ च्या हमीभावाच्या खाली विकलं. त्याच हंगामात घरात तेलाची पिशवी महाग झाली. अशा वेळी त्यांच्याकडे डब्याचे पैसे कुठल्या तोंडानं मागू?

नाशिक. नोकरी

सगळं वाचलं, वाईटही वाटलं. पण एक शंका आहे. रेशनवर माणशी पाच किलो धान्य आता मोफत मिळतं ना? मग पोटाचा प्रश्न एवढा का?

(धागा काढणारी)

शंका रास्त आहे. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. त्याआधी गव्हाला दोन आणि तांदळाला तीन रुपये किलो होते. कितीतरी घरं त्यावर उभी आहेत, यात वाद नाही. पण त्यात गहू आणि तांदूळ असतो. या धाग्यात आतापर्यंत जे जे ताटातून गेलं, ती डाळ, तेल, कांदा, यातलं काहीच त्या पाच किलोंत नाही. आणि ते धान्य सगळ्यांना मिळतं असंही नाही. पुढचा अनुभव वाचा.

कळवा. नवरा भाड्याची रिक्षा चालवतो, मी घरी शिवणकाम करते

आमचं रेशन कार्ड केशरी आहे, पण त्यावर धान्य येत नाही. शहरात प्राधान्य यादीत यायला वर्षाचं उत्पन्न ५९,००० च्या आत लागतं. म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाही. आमच्या खोलीचं भाडंच त्याच्यावर आहे. मालकाचं रोजचं भाडं, गॅस आणि खोलीचे पैसे दिल्यावर हातात जे उरतं त्याला काय म्हणायचं ते मला कळत नाही, पण कागदावर आम्ही गरीब नाही. दोन वेळा अर्ज दिला. खिडकीतल्या माणसानं यादी भरलीय म्हणून परत पाठवलं.

दूध अर्ध्या लिटरचं पाव केलं. ते धाकटीला, आम्ही कोरा चहा घेतो. सासूबाईंना सुके बोंबील लागतात. पूर्वी हात आखडला की सुकं आणायचो, आता सुक्याकडेही हात जात नाही. त्या काही बोलत नाहीत. तव्यावर लसूण चिरडून भाजतात आणि त्याच्या वासावर भात खातात. २०२४ मध्ये लसूण चारशेच्या पुढे गेला तेव्हा तेही बंद झालं होतं.

घाटंजी तालुका, यवतमाळ. शाळेत पोषण आहार शिजवते

माझं मानधन महिन्याला २,५०० रुपये, तेही दोन-तीन महिन्यांचं एकदम येतं. पहिली ते पाचवीच्या एका लेकरामागे तांदूळ सोडून बाकी सगळ्याला ५ रुपये ४५ पैसे होते. डिसेंबर २०२४ मध्ये ते ६ रुपये १९ पैसे झाले होते. डाळ, तेल, तिखट, भाजी, जळण सगळं त्यातच.

सोमवारी लेकरं जास्त खातात. आधी मला वाटायचं, रविवारी खेळून दमतात म्हणून असेल. मग एकदा दुसरीतल्या पोरानं तिसऱ्यांदा ताट पुढे केलं. मी म्हटलं, "बाळा, पोट दुखंल." तो म्हणाला, "काल चहा आन् भाकरच होती." तेव्हापासून सोमवारी मी दोन वाट्या तांदूळ जास्त धुते आणि बाकीच्या दिवशी थोडा थोडा हात राखते. तिसरीतली एक पोरगी आपल्या ताटातला भात डब्यात भरून लहान भावासाठी घरी नेते. नियमात ते बसत नाही. ती डबा भरते तेव्हा मी चुलीकडे वळते.

उद्या सोमवार आहे. भाजीचे पैसे या महिन्याचे संपले. शाळेमागच्या शेवग्याला कोवळा पाला फुटलाय. तो डाळीत घालायला आज संध्याकाळीच खुडून ठेवते.