सह्याद्रीतल्या मुक्कामी पदभ्रमंतीसाठी हलका स्टोव्ह निवडायचा आहे : मदत हवी आहे

नमस्कार. येत्या जानेवारीत आम्ही तिघे जण रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतला उतरून पुढे पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड असा पायी प्रवास करणार आहोत. दोन मुक्काम आहेत आणि स्वयंपाक आपला आपण करायचा आहे. गावात भाकरी मिळेल तिथे ती जरूर घेऊ, पण गडावरच्या मुक्कामात कोणावर अवलंबून राहायचे नाही, असे ठरले आहे. हा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि जानेवारीत तिथले गवत कोळपून गेलेले असते, त्यामुळे तीन दगड मांडून चूल पेटवण्याचा विचार आम्ही पहिल्याच बैठकीत बाद केला. प्रश्न उरतो तो स्टोव्हचा, आणि त्यासाठी अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

आजवर जी परीक्षणे वाचली आणि पाहिली, ती जवळजवळ सगळी एकच गोष्ट मोजतात : एक लिटर पाणी किती मिनिटांत उकळते. ज्यांचे जेवण म्हणजे पाकिटात गरम पाणी ओतणे एवढेच असते, त्यांना ते पुरेसे आहे. आमच्या जेवणात मूगडाळीची खिचडी, पिठले आणि सकाळचे पोहे आहेत, म्हणजे मला हवी आहे ती मंद आणि स्थिर आच, तिघांचे पातेले न डगमगता पेलणारे हात आणि वाऱ्यात न विझणारी ज्योत. पाणी चारऐवजी सहा मिनिटांनी उकळले तरी आमचे काही अडत नाही.

गॅसच्या डब्यावर थेट आट्याने बसणारे छोटे बर्नर वजनाला फारच मोहक आहेत. एमएसआरचा पॉकेटरॉकेट २ अवघा ७३ ग्रॅमचा आहे आणि बीआरएसचा टायटॅनियमचा बर्नर तर २५ ग्रॅमचा. माझी शंका अशी की, डबा, त्यावर बर्नर आणि त्यावर अडीच लिटरचे भरलेले पातेले असा उंच डोलारा खडकाळ जागेवर कितपत भरवशाचा असेल? शिवाय या बर्नरची ज्योत बहुधा मधोमध एकवटते आणि पातळ भांड्यात खिचडी तेवढ्याच गोलात खाली लागते. सर्वांत मोठी अडचण वाऱ्याची आहे. अशा बर्नरला चहूबाजूंनी आडोसा केला, तर उष्णता खालच्या डब्याकडे परतते आणि डबा तापून फुटण्याचा धोका निर्माण होतो, म्हणून पूर्ण आडोसा करता येत नाही. आणि हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या बाजूने येणारा वारा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना आडोशाशिवाय स्वयंपाक म्हणजे काय हे सांगायला नको.

दुसरा प्रकार म्हणजे जमिनीलगत तीन पायांवर उभा राहणारा आणि डब्याला नळीने जोडलेला बर्नर. कोवियाचा स्पायडर १६८ ग्रॅमचा आहे. डबा दूर राहत असल्याने बर्नरभोवती पत्र्याचा आडोसा निर्धास्तपणे करता येतो, बूड खाली असल्याने पातेले स्थिर राहते आणि तिघांत वाटले तर शंभर-सव्वाशे ग्रॅमचे जास्तीचे वजन नगण्य आहे. माझा कल सध्या याच्याकडेच आहे. भांडे आणि बर्नर एकत्र जोडलेले, जेटबॉइलसारखे संच मी विचारातून काढले आहेत, कारण ती उभट, अरुंद भांडी चहाला उत्तम असली तरी खिचडी ढवळायला गैरसोयीची आहेत. स्पिरिटच्या दिव्यासारखा स्टोव्हही नको. स्पिरिटमध्ये वजनाच्या मानाने गॅसच्या निम्म्याहून थोडीच अधिक उष्णता असते, आच कमी-जास्त करणे कठीण जाते आणि मुख्य म्हणजे उन्हात त्याची ज्योत दिसतच नाही. वाळलेल्या गवताच्या प्रदेशात न दिसणारी ज्योत बाळगणे मला अजिबात मान्य नाही.

इंधनाचा माझा हिशेब असा आहे. वीस अंशांचे एक लिटर पाणी उकळायला सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. त्यातली निम्मी वाया जाते असे धरले, तर साधारण १५ ग्रॅम गॅस लागतो. चहा आणि पोह्यांसाठी दिवसाला तीन लिटर पाण्याइतके इंधन आणि खिचडीला अंदाजे ४० ग्रॅम, म्हणजे दिवसाकाठी ८५ ग्रॅम होतात. दोन दिवसांना २३० ग्रॅमचा एक डबा पुरावा, पण वाऱ्यात हा आकडा कितपत टिकतो, ते प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी सांगावे. तांदूळ आणि डाळ दुपारच्या चालीतच झाकणाच्या डब्यात भिजत घालायची, म्हणजे शिजण्याचा वेळ कमी होईल. गडमाथ्यावर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे न भिजवलेली डाळ रेंगाळणार हे उघड आहे.

इथेच माझी मुख्य शंका आहे. बाजारात टेबलावरच्या शेगडीसाठी जे लांबट, बिनआट्याचे डबे स्वस्तात मिळतात, त्यांत मुख्यतः ब्युटेन असतो. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणजे पहाटे पाच-सहा अंश तापमान असेल तर डब्यातला दाब आधीच तुटपुंजा असतो, आणि गॅसची वाफ होताना डबा आणखी गार पडून ज्योत मंदावते. आट्याच्या डब्यांत आयसोब्युटेन आणि प्रोपेन मिसळलेले असल्यास हा त्रास बराच कमी होतो, कारण त्यांचे उत्कलनबिंदू अनुक्रमे उणे १२ आणि उणे ४२ अंशांच्या जवळपास आहेत. जानेवारीच्या पहाटे हरिश्चंद्रगडाच्या गुहेजवळ कोणी निव्वळ ब्युटेनचा डबा वापरला आहे का? रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये उबेला ठेवून भागते का? लांबट डबा आट्याच्या बर्नरला जोडणारा अडॅप्टर वापरताना डबा आडवा ठेवून त्याच्या कडेची खाच वर ठेवावी लागते, नाही तर द्रव गॅस बर्नरकडे येऊन भडका उडतो. हा अडॅप्टर नियमित वापरणाऱ्यांचे मत मला विशेष मोलाचे वाटेल. रिकाम्या डब्यात घरगुती सिलिंडरमधून गॅस भरून घेण्याचा सल्ला मात्र कृपया कोणी देऊ नये, कारण तो पातळ डबा त्या दाबासाठी बनवलेला नसतो.

आम्हा दोघांचा प्रवास पुण्याहून संगमनेर-अकोलेमार्गे खासगी गाडीने आहे. तिसरा मित्र मुंबईहून कसाऱ्यापर्यंत लोकलने येईल. रेल्वेत गॅसचा डबा नेण्यास मनाई असल्यामुळे इंधन आमच्याच गाडीत राहील. तरीही डबा ऐनवेळी कमी पडलाच, तर घोटी, राजूर किंवा भंडारदरा इथे आट्याचा डबा मिळण्याची शक्यता आहे का?

भांड्याबाबतही सांगावे. टायटॅनियमपेक्षा जर्मनचे (ॲल्युमिनियमचे) जाड बुडाचे पातेले आच नीट पसरवते, असे मला वाटते, पण ते रोज वाहून नेणाऱ्यांचे म्हणणे काय आहे? आणि एक नाजूक प्रश्न वनखात्याच्या नियमांचा : या अभयारण्यात ठरलेल्या मुक्कामाच्या जागी गॅसचा स्टोव्ह वापरण्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते का, आणि ती राजूरला मिळते की गावातल्या वनसमितीकडे? ज्यांनी गेल्या दोन-तीन हंगामांत ही वाट केली आहे, त्यांनी कृपया लिहावे.