क्लब हाऊसच्या कन्सोलला ऑनलाइन मेंबरशिप, स्टीअरिंग आणि हेडसेट हवेत का?

सेक्रेटरी (ए-१०१): नमस्कार मंडळी. क्लब हाऊसच्या वरच्या खोलीत टीव्ही बसला. पीएस५, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा सोनीचा कन्सोल, घ्यायचं मागच्या मीटिंगमध्ये ठरलेलंच आहे. आता यादीत अजून तीन गोष्टी आल्यात, वर्षाची ऑनलाइन मेंबरशिप, स्टीअरिंग व्हील आणि दोन गेमिंग हेडसेट. ज्याला जे वाटतं ते रविवारच्या आत इथेच लिहा, मीटिंगमध्ये परत पहिल्यापासून नको.

बी-३०२: कन्सोलला माझी हरकत नव्हती आणि आजही नाही. पण वस्तू एकदा विकत घेतल्यावर दर वर्षी परत पैसे कसले भरायचे?

डी-२०३: काका मेंबरशिपशिवाय ऑनलाइन खेळताच येत नाही. आणि ऑनलाइन नसेल तर कन्सोल घेऊन काय करायचं, सगळे तिथेच असतात

सी-५०४: अरे असं सरसकट नाहीये. पीएस३ वर ऑनलाइन खेळायला काही पैसे पडायचे नाहीत, २०१३ ला पीएस४ आला तेव्हापासून विकतच्या गेममध्ये ऑनलाइन खेळायचं तर पीएस प्लस, म्हणजे हीच मेंबरशिप, लागायला लागलं. पण फोर्टनाइट, रॉकेट लीग असे जे मुळातच फुकट आहेत त्यांना आजही ते लागत नाही, नुसतं नेट पुरतं. म्हणजे काका तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. माझं मत विचाराल तर क्लब हाऊससाठी मेंबरशिप घेऊच नये, त्या पैशात कंट्रोलर, म्हणजे हातात धरून खेळायचे बटणांचे रिमोट, वाढवावेत. बॉक्समध्ये एकच येतो. एक पोरगा ऑनलाइन बसला की तो कुठल्यातरी अनोळखी माणसाशी खेळणार आणि बाकीची पाच-सहा पोरं मागे बसून नुसती बघत राहणार, त्यासाठी आपण ती खोली रिकामी केली का? चार कंट्रोलर असले की चौघं एका वेळी खेळतात, हरला तो उठतो, पुढचा बसतो, कॅरमला करतो तसंच. मी हे पोटतिडकीने लिहितेय कारण आपल्या ए आणि डी विंगमधली पोरं एकमेकांना नावाने ओळखत नाहीत.

बी-७०१: 👍 कंट्रोलरला अनुमोदन. पण स्टीअरिंगचं काय? मोठी माणसंही खेळतील त्यावर.

डी-२०३: ताई तुमचं पटतंय पण अर्धंच. माझा शाळेतला मित्र गेल्या वर्षी कॅनडाला गेला, आम्ही फोनवर दोन मिनिटांच्या वर बोलत नाही पण शनिवारी रात्री एफसी हा फुटबॉलचा गेम खेळताना तासभर बोलतो, घरचं कॉलेजचं सगळं त्यातच होतं. ऑनलाइन म्हणजे अनोळखीच माणसं असं नसतं. आणि दुसरं म्हणजे इथल्या चौघांशी खेळून माझा गेम सुधारणार नाही. हांगचौच्या एशियन गेम्समध्ये ईस्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मेडल होती, तिथपर्यंत जाणारे सोफ्यावर खेळून नाही गेले

सी-५०४: हे मात्र शंभर टक्के मान्य. तुझं आणि तुझ्या मित्राचं जे आहे ते ऑनलाइननेच टिकलंय, आणि मोठ्या स्पर्धेचा सराव बाहेरच्यांशीच करायला हवा. पण या दोन्ही गोष्टी तू तुझ्या घरी, तुझ्या अकाउंटवर, तुझ्या वेळेला करतोस. क्लब हाऊसमध्ये अकाउंट कोणाचं टाकणार, फ्रेंडलिस्ट कोणाची, आणि आठ वर्षांच्या पोराला हेडफोनमध्ये कोणी शिव्या दिल्या तर त्याच्या आईला उत्तर कोण देणार? शिवाय तिथलं नेट बघ. स्पीड टेस्टला आकडा चांगला येतो पण खेळायला स्पीड नाही, पिंग लागतो, म्हणजे तू बटण दाबल्यावर ते सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. आपला राउटर खाली ऑफिसात, मधे स्लॅब आणि दोन भिंती, वायफायवर पिंग एकसारखा राहतच नाही, मग गोलकीपर उडी मारतो तोवर बॉल जाळ्यात. ऑनलाइन कधी घ्यायचंच झालं तर आधी खालून वर लॅन केबल ओढायची, मेंबरशिपचं नंतर बघू.

बी-३०२: गुरुवारी लाईट जाते तेव्हा?

सी-५०४: तेव्हा टीव्हीच बंद काका, कंट्रोलर काय आणि ऑनलाइन काय 🙂 पण नेट गेलं आणि लाईट असली तर सोफ्यावरचा गेम चालू राहतो, हा फरक मोठा आहे. गेम डिस्कवर घ्या एवढं फक्त बघा.

बी-७०१: माझ्या स्टीअरिंगवर कोणीच बोलत नाहीये. ग्रॅन टुरिस्मो ७ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम व्हीलवर खेळून बघा एकदा, जी२९ नावाचं व्हील नऊशे डिग्री फिरतं, वळणावर हाताला ओढ लागते, ब्रेकचं पेडल मुद्दाम कडक ठेवलंय. कंट्रोलरवर त्याची सर येत नाही.

सी-५०४: दादा मजा आहे यात वादच नाही, मी चालवलंय. पण ते टेबलाला क्लॅम्प करावं लागतं, आणि आपल्याकडे जे प्लास्टिकचं टेबल आहे ते पहिल्याच वळणाला हातात येईल. पेडल खाली गुळगुळीत फरशीवर, जोरात ब्रेक दाबला की पेडल मागे सरकतात. मग त्याला स्टँड आला, खुर्ची आली, कोपरा अडला. आणि तेवढं सगळं करून एका वेळी एकच माणूस खेळणार, तेही एकाच प्रकारचा गेम. अजून एक सांगते, ग्रॅन टुरिस्मो ७ चे बरेचसे मोड एकट्याने खेळायलासुद्धा नेट मागतात. मार्च २०२२ मध्ये त्यांच्याकडे सर्व्हरचं काम एक दिवसाहून जास्त लांबलं तर लोकांनी पैसे मोजून घेतलेला गेम घरात असून खेळता आला नाही. द क्रू नावाचा गाड्यांचा गेम होता २०१४ चा, कंपनीने ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचाही गेम संपला. लोकांच्या वर्गणीचे पैसे आपण असल्या भरवशावर टाकू नयेत असं मला मनापासून वाटतं.

बी-७०१: ठीक. व्हील माझ्याकडून मागे. पण स्प्लिट स्क्रीन, म्हणजे एकाच टीव्हीचे भाग करून सगळ्यांना एकदम खेळता येईल अशी एखादी रेस घ्याच.

सी-५०४: घेऊ ना. रॉकेट लीग तर फुकट आहे, गाड्यांचा फुटबॉल, एका टीव्हीवर चौघं. ओव्हरकुक्ड २ मध्ये चौघांनी मिळून स्वयंपाक करायचा असतो आणि वेळ संपत आला की "अरे कांदा दे ना" म्हणून जो आरडाओरडा होतो तो पार लिफ्टपर्यंत ऐकू येईल. इट टेक्स टू दोघांचा आहे, दोघांनी ठरवून केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

ए-३०४: हे पैसे लावून खेळायचे गेम तर नाहीत ना? पेपरात आलं होतं बंदी आली म्हणून.

सेक्रेटरी (ए-१०१): नाही काकू. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यातली बंदी पैसे लावून जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर आहे, विकत घेऊन खेळायचे साधे गेम आणि ईस्पोर्ट्स त्या बंदीत येत नाहीत. तरी कन्सोलवर पालकांचं सेटिंग करून खर्चाची मर्यादा शून्य ठेवू, कार्ड तर जोडणारच नाही.

ए-६०२: एक विचारायचं होतं. आमच्या मुलाचा उजवा हात नीट चालत नाही हे बऱ्याच जणांना माहितीये. घरी त्याच्यासाठी सोनीचा अ‍ॅक्सेस कंट्रोलर आणलाय, गोल असतो, हातात धरावा लागत नाही, टेबलावर ठेवून मोठी बटणं दाबायची. तो खाली आणून जोडला तर चालेल का? त्याला सगळ्यांबरोबर बसायचंय.

सी-५०४: ताई चालेल काय, आणाच! तो पीएस५ साठीच बनवलेला आहे. आणि त्याच्या जोडीला साधा कंट्रोलरही लावता येतो, दोन्ही मिळून एकच खेळाडू धरला जातो, म्हणजे खेळाडू हलवायची छोटी काठी त्याच्याकडे आणि जी बटणं अवघड जातात ती दुसऱ्या कोणाकडे. २०२३ पासून दोन साधे कंट्रोलरही असे एकत्र लावता येतात, अगदी लहान पोरांना आजोबांबरोबर खेळायलाही ते कामाला येईल. अ‍ॅक्सेसरी म्हणून पैसे घालायचे तर ते अशा गोष्टीत घालावेत, जिच्यामुळे एक माणूस जास्त खेळतो.

डी-२०३: मी बसेन त्याच्याबरोबर. ताई हेडसेट?

सी-५०४: नको. सगळे एका खोलीत असताना कानाला काय लावायचं? कोणाला लागलाच तर कंट्रोलरला खाली ३.५ मिमीचा जॅक आहे, फोनचा वायरवाला माइकचा इअरफोन चालतो. ब्लूटूथचे मात्र पीएस५ ला थेट जोडले जात नाहीत, उगाच कोणी घरून आणू नका. खर्च खरा कंट्रोलरचाच आहे, एकेक कित्येक हजारांना जातो आणि काठ्या झिजतात. आत कार्बनच्या पट्टीवर घासणारा भाग असतो, तो झिजला की कोणी हात न लावता खेळाडू आपोआप डावीकडे चालायला लागतो. त्याला ड्रिफ्ट म्हणतात. नवीन घ्यायच्या आधी तपकीर गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यांकडे चौकशी करायची, नुसती काठी बदलून मिळाली तर बरंच स्वस्तात होतं.

बी-३०२: मग यादी अशी धरू का, कन्सोल डिस्कवाला, जादा कंट्रोलर तीन, मेंबरशिप नाही, व्हील नाही, हेडसेट नाही. दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बाजूला.

सी-५०४: हो काका. चार्जिंगचा स्टँडही लिहा, नाहीतर चारही कंट्रोलर संध्याकाळी एकदम बंद पडतील.

डी-२०३: लॅन केबलचं पण कोटेशन मागवा ना. वर्षभराने मेंबरशिपचा विषय मी परत काढणार आहे

सेक्रेटरी (ए-१०१): मागवतो. ए-६०२ ताई, टेबल मुलाच्या उंचीचं लागेल, माप शनिवारपर्यंत पाठवा.